आल्टमार्क : एका पुरवठा-जहाजाची हकीकत

युद्धनौकेची कीर्ति तिच्या तोफांमुळें होते. परंतु तेल, दारूगोळा आणि अन्नसामग्री तिला भर समुद्रांत पोंचविणाऱ्या जहाजाचें नांव सहसा कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं. जर्मन आरमाराचें ‘आल्टमार्क’ हें जहाज या नियमास अपवाद ठरलें.

१९३७ सालीं जलावतरण झालेलें हें तेलवाहू जहाज १९३९ च्या अखेरीस दक्षिण अटलांटिक महासागरांत ‘ग्राफ श्पे’ या युद्धनौकेच्या दिमतीस होतें. त्या प्रदेशांत जर्मनीचें एकहि बंदर नव्हतें. म्हणून हें जहाज हेंच त्या नौकेचें फिरतें बंदर झालें. ‘ग्राफ श्पे’नें नऊ ब्रिटिश व्यापारी जहाजें बुडविलीं, आणि त्यांवरील पुष्कळसे खलाशी ‘आल्टमार्क’च्या कोठारांत कैदी म्हणून ठेवले. १७ डिसेंबर १९३९ रोजीं मॉन्टेव्हिडिओजवळ ती युद्धनौका तिच्याच कप्तानानें बुडविली. ‘आल्टमार्क’ २९९ कैद्यांसह एकाकी उरलें.

कप्तान डाऊ यांनीं उत्तरेची वाट धरिली. फेब्रुवारी १९४० मध्यें जहाज तटस्थ नॉर्वेच्या पाण्यांत शिरलें, तेव्हां तेथील आरमारी अधिकाऱ्यांनीं त्याची पाहणी केली. कोठारें मात्र उघडून पाहिलीं नाहींत. तटस्थ राष्ट्राच्या किनाऱ्यालगत जाण्याचा हक्क जहाजास होता. पण त्या हक्काच्या आडून कैदी लपवून न्यावेत काय, हा खरा प्रश्न होता. १६ फेब्रुवारीच्या रात्रीं ‘कोसॅक’ ही ब्रिटिश विनाशिका योसिंगफ्योर्ड या अरुंद खाडींत शिरली. नॉर्वेच्या नौकांनीं निषेध केला, प्रतिकार केला नाहीं. ब्रिटिश नौसैनिकांनीं जहाजावर चढून सर्व कैदी सोडविले. झटापटींत कांहीं जर्मन खलाशी मृत्यु पावले.

कैदी सुटले, परंतु या सुटकेचें मोल नॉर्वेला द्यावें लागलें. ज्या राष्ट्राला स्वतःच्या पाण्याचें रक्षण करतां येत नाहीं, त्याच्या तटस्थतेवर हिटलर विसंबेना. स्वारीची तयारी त्यानें त्वरेनें चालविली आणि ९ एप्रिल १९४० रोजीं नॉर्वेवर आक्रमण झालें. पुढें परकी सत्तेचे कैवारी देशभक्तांना त्या खाडीवरून ‘योसिंग’ म्हणून हिणवूं लागले. देशभक्तांनीं तेंच नांव अभिमानानें धारण केलें.

जहाजाचें नांव बदलून ‘उकरमार्क’ असें ठेवण्यांत आलें. १९४१ च्या आरंभीं त्यानें ‘शार्नहोर्स्ट’ व ‘ग्नायझेनाऊ’ या युद्धनौकांस अटलांटिकांत तेल पुरविलें. अखेर ३० नोव्हेंबर १९४२ रोजीं जपानांतील योकोहामा बंदरांत त्याच्या रिकाम्या टाक्या साफ होत असतां भयंकर स्फोट झाला. त्यावरील ५३ खलाशी दगावले आणि शेजारचें ‘थोर’ हें जर्मन जहाजहि जळून गेलें. शत्रूच्या आरमारानें ज्याला बुडविलें नाहीं, तें जहाज बहुधा स्वतःच्याच टाकींत साचलेल्या तेलाच्या वाफेनें नष्ट झालें.