नव्या मुंगीची ओळख

केळापूरच्या परिसरात येणारा पाहुणा प्रथम चौकशी करतो ती वाघाची. यवतमाळ जिल्ह्यातील या तालुक्यात टिपेश्वरचे सागवानी अरण्य असून १९९७ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. परंतु वाघाच्या पावलाखाली जो सागाचा पाचोळा कुरकुरतो, त्यात वस्ती करून राहिलेल्या मुंग्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वाघास नाव आहे आणि त्याची गणतीही होते. पाचोळ्यातील एखादी मुंगी मात्र नावावाचूनच जन्मते आणि नावावाचूनच नाहीशी होऊ शकते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मुंग्यांच्या सूचीत जाती आणि उपजाती मिळून ८२८ नावे होती. त्यानंतरही नव्या जातींची भर पडतच आहे.

मुंगी नवी आहे, हे ठरते कशावरून? केवळ रंगावरून किंवा आकारावरून नव्हे. शास्त्रज्ञ मुंगीला कागदाच्या इवल्याशा त्रिकोणाच्या टोकावर चिकटवितो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि पुढून मागे तिचे एकेक अंग तपासतो. डोक्याची लांबी व रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. जबड्यांवरील दात मोजले जातात. अंग गुळगुळीत आहे की त्यावर खळगे व रेघा आहेत, केस उभे आहेत की आडवे, याचीही नोंद होते. कापसाच्या झाडावर माव्याभोवती घुटमळणारा काळा मुंगळा आणि कडकडून चावणारी तांबडी मुंगी यांतील एक भेद थोड्या सरावाने भिंगातूनही दिसतो. मुंगळ्याच्या कमरेस एकच गाठ असते, तर तांबड्या मुंगीच्या कमरेस दोन.

मिशांचे महत्त्व तर विशेष आहे. मुंगीची मिशी कोपरासारखी वाकलेली असून ती लहान लहान पेरांची बनलेली असते. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातील हिमेंदर भारती व त्यांचे सहकारी यांनी केरळ व तमिळनाडूतून मिळालेल्या ऊसेरिया या कुळातील दोन नव्या जातींचे वर्णन २०२१ साली प्रसिद्ध केले. या कुळातील भारतीय मुंग्यांच्या मिशीत तोपर्यंत नऊ किंवा अकरा पेरे आढळली होती. या दोन जातींत ती दहा निघाली. केसाहून बारीक अशा एका पेराने एवढा निर्णय फिरतो!

कधी कधी रंगही साक्ष देतो. अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्यात यिंगकू गावाजवळ, जमिनीपासून सुमारे दहा फूट उंचीवर, झाडाच्या ढोलीत एक निळसर झळाळणारी मुंगी बंगळूरच्या ‘अत्री’ या संस्थेच्या संशोधकांस आढळली. २०२४ साली तिचे वर्णन छापले गेले आणि रंगावरूनच तिला ‘नीला’ हे नाव मिळाले. तिची लांबी दोन मिलिमीटरांहूनही कमी. मिशा, जबडे आणि पाय सोडले, तर बाकीचे अंग बहुतेक निळे. तथापि निळेपणाची नोंद करून संशोधक थांबले नाहीत. त्रिकोणी डोके, मोठे डोळे आणि जबड्यांवरील पाच दात हीही त्यांनी काळजीपूर्वक नोंदविली.

इतक्या काटेकोरपणानंतरही रूप फसवू शकते. आधुनिक नामकरणपद्धतीचे जनक लिनियस यांनी १७६४ साली एका पंखधारी कीटकास गांधीलमाशीच्या कुळात घातले. वस्तुतः तो डोरिलस नावाच्या मुंगीचा नर होता. या कुळातील कामकरी मुंग्या आंधळ्या व बिनपंखी असतात, तर नर लांबट, पंखधारी आणि मोठ्या डोळ्यांचा असतो. दोघे एकाच घरचे, हे केवळ रूप पाहून कोणास सुचावे? लिनियससारख्या पारख्याची नजर चुकली, कारण त्याच्यापुढे एक कीटक होता, त्याचे घर नव्हते.

म्हणून चांगला संग्राहक एकट्यादुकट्या मुंगीवर समाधान मानीत नाही. त्याच वारुळातील कामकरी, राणी आणि नर मिळतील तेवढे तो एकत्र ठेवतो आणि स्थळ, तारीख व वारुळाची जागा चिठ्ठीवर लिहितो. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातील अधिकारी रॉटन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच निष्ठेने मुंग्या गोळा केल्या. १८९२ साली मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली त्यांनी त्यांवर लिहिलेही. त्यांनी पाठविलेले नमुने स्विस शास्त्रज्ञ ऑगस्त फोरेल यांनी तपासले आणि कित्येक जातींना रॉटन यांचे नाव दिले.

नव्या जातीचे वर्णन ज्या एका नमुन्यावर आधारलेले असते, तो संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे शंभर वर्षांनी कोणास शंका आली, तरी त्याने त्या नमुन्यापाशी यावे आणि पेरे पुन्हा मोजावीत, असा हा रिवाज आहे. मात्र ज्या मुंगीचे वर्णन झालेच नाही, तिच्यासाठी असा साक्षीदार उरत नाही. केळापूरच्या सागाखाली अशी एखादी मुंगी नसेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पाचोळा एका वणव्यात जळतो. तो जळून गेल्यावर तेथे कोण राहत होते, हे विचारणारा आला, तर त्याला दाखविण्यासाठी निदान कागदाच्या त्रिकोणावरची एक मुंगी आणि तिची चिठ्ठी तरी हवी.