घरपोच



२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि पहिला प्रश्न चुलीचा उभा राहिला. दुकानांसमोर चुन्याची वर्तुळे आखली गेली, वाण्याकडे याद्या फोनवरून जाऊ लागल्या आणि ‘घरपोच’ हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला. शब्द मोठा फसवा आहे. त्यात घर दिसते. पोचविणारा दिसत नाही.

अलोऱ्यात गहू, साखर, तूरडाळ पिकत नाही. कुंभार्ली घाट उतरून ट्रक येतो, आणि पोते कोणाच्या तरी पाठीवरूनच दुकानात जाते. नवी मुंबईच्या बाजार समितीत माथाडी राबत होते. तेथे साथ शिरली आणि मे २०२० मध्ये आठवडाभर बाजार बंद ठेवावा लागला.

मार्च २०२० मध्येच केंद्र सरकारने आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. ते योग्यच झाले. परंतु हमाल आणि सामान आणणारा पोरगा त्यात नव्हते.

आमची शाळा म्हणजे हमालांच्या बैठका. तेथे आम्ही एक गोष्ट शिकलो. हमालाला एक ठरलेला मालक नसतो, म्हणून त्याची जबाबदारी कोणीच घेत नसे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, १९६९ चा कायदा झाला. मंडळे आली, नोंदणी आली, भविष्यनिर्वाह निधी आला. आजच्या घरपोचवाल्याचीही तीच अडचण आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला ‘गिग कामगार’ हे नाव दिले. नावापुढे हक्क लिहून घ्यायचे, तर संघटनाच हवी.

दारात पिशवी घेताना एवढेच विचारा: बाबा, तू आजारी पडलास तर तुझी चूल कोण पेटवील?