वाचता न येणारी हुशार मुले

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण. वक्ते बी. ए., बी. एड. असून आपल्या हायस्कूलमध्ये मराठी व भूगोल हे विषय शिकवतात.)



मला ‘विद्यार्थ्यांची गुणवत्तावाढ’ या विषयावर बोलण्यास सांगण्यात आले आहे. त्या विषयातले माझ्याहून जाणकार लोक व्यासपीठावर बसलेले आहेत. म्हणून मी विषय थोडा आखूड करून घेतो आणि ज्यांच्या गुणपत्रिकेत गुण जवळजवळ नसतातच अशा मुलांविषयी बोलतो. सुरुवात मात्र माझ्या स्वतःच्या चुकीपासून करावी लागेल.

तीन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा आला. नाव सांगत नाही. त्याची नातेवाईक मंडळी येथे असतील. प्रकट वाचन चालू होते. त्याची पाळी आली तेव्हा ‘भरत घरी आला’ हे वाक्य त्याने ‘मरत धरी आला’ असे वाचले. वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मग त्याला बाकावर उभे करून तेच वाक्य पाच वेळा वाचायला लावले. पाचही वेळा तो चुकला, आणि दर वेळी निराळ्या जागी चुकला. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ साली शिक्षकाच्या हातातली छडी काढून घेतली, हे आपण जाणता. मानसिक छळालाही तेच कलम मनाई करते, पण जीभ मात्र मी आवरली नाही. त्या वर्षभरात मी त्या मुलाला जे जे बोललो ते येथे सांगण्यासारखे नाही.

वडिलांना बोलावले. ते होडीवर जाणारे गृहस्थ. हात जोडून म्हणाले, “सर, चामडी तुमची, हाडं आमची. पण आमच्या घरात कोणाच्याच डोक्यात अक्षर शिरत नाही. मला येत नाही, थोरल्याला आलं नाही.” हे त्यांनी लाजेने सांगितले आणि मी ते सबब म्हणून ऐकले. वास्तविक एखाद्या डॉक्टरने हे ऐकले असते तर तो तेथेच थांबला असता. कारण ही अडचण पुष्कळदा घराण्यातून येते.

माझे डोळे उघडले ते दोन गोष्टींनी. एकदा मदरशाच्या मौलवीसाहेबांशी बोलताना त्या मुलाची गोष्ट निघाली. ते म्हणाले, “मुलगा फार तल्लख आहे. दोनदा ऐकवलं की पाठ. पण कायदा पुढे ठेवला की अडखळतो. बे आणि ते यांतला फरक आज सांगावा, उद्या विसरतो.” मी त्यांना म्हटले, माझ्याकडे तो घ आणि ध विसरतो. दोघेही थोडा वेळ गप्प बसलो.

दुसरी गोष्ट भूगोलाच्या तासाची. भरती-ओहोटीचा पाठ चालला होता. मी सहज विचारले, आज भरती किती वाजता आहे? हा मागच्या बाकावरून म्हणाला, “आज पंचमी. पावणेचारला.” उद्या? “साडेचारला.” आणि दशमीला? “साडेसातला.” त्याच्या आजोबांनी त्याला शिकवले होते की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ येते. पाऊणकी आता शाळांतून गेली. या मुलाला ती तोंडपाठ होती. पुस्तकात म्हटले आहे की भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. याचा हिशोब पाऊण तासाचा, म्हणजे पाचच मिनिटांचा फरक. उधाण केव्हा आणि भांग केव्हा, हे तर तो माझ्यापेक्षा चांगले समजावून सांगत होता.

घटक चाचणीत त्याला भूगोलात वीसपैकी दोन गुण पडले होते. मी त्याला शाळा सुटल्यावर बसवले, तीच प्रश्नपत्रिका मोठ्याने वाचली आणि त्याची तोंडी उत्तरे मी लिहून घेतली. पंधरा गुण झाले. तेव्हा प्रश्न असा पडला की आतापर्यंत मी परीक्षा कशाची घेत होतो?

बी. एड. ला असताना ‘अध्ययन अक्षम बालके’ यावर पाच गुणांचे टिपण मी पाठ केले होते आणि पाचपैकी चार मिळवले होते. ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ साली आला तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि थिएटरात रडलेल्यांपैकी मीही एक. एवढे असूनही माझ्या वर्गात बसलेला मुलगा मला दिसला नाही. म्हणून पालकांना किंवा सहकाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. हा डोळ्यांचा दोष नव्हे आणि बुद्धीचाही नव्हे. बोललेला शब्द आपण मनातल्या मनात सुट्या ध्वनींत फोडतो आणि एकेका ध्वनीला अक्षराशी बांधतो. तुमच्याआमच्या बाबतीत ही गाठ बसली की सहसा सुटत नाही. या मुलांची गाठ बसायला फार वेळ लागतो आणि बसली तरी सैल राहते. चष्म्याने किंवा गोळ्यांनी ती घट्ट होत नाही. शंभर मुलांत पाच तरी अशी असतात असे धरले तर आपल्या प्रत्येक वर्गात दोन-तीन निघतील.

गोष्ट नवीनही नाही. इंग्लंडात प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी १८९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा हुशार, खेळात कोणाच्या मागे नाही, पण स्वतःचे नावसुद्धा ‘प्रेसी’ असे लिही. ७४९ ला ८६७ ने गुणायला सांगितले तर झटकन बरोबर उत्तर देई. त्याच्या मास्तरांचे म्हणणे असे होते की शिक्षण सगळे तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. मी हे वाचले तेव्हा त्या मास्तरांचा मला हेवा वाटला. त्यांच्याजवळ ना टिपण होते ना चित्रपट, तरी त्यांना मुलगा दिसला होता.

आता आपल्या मुलांचा विचार करा. पर्सीला एकच लिपी होती. आपले मूल सकाळी मराठी आणि हिंदी देवनागरीत वाचते, दुपारी इंग्रजी वाचते, ही सगळी डावीकडून उजवीकडे. संध्याकाळी उर्दू-अरबी उजवीकडून डावीकडे. बे, पे, ते, टे, से यांचे अंग एकच, फरक नुक्त्यांचा किंवा वरच्या खुणेचा. शिवाय तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे आणि शेवटी तिसरे. एका ‘स’च्या उच्चाराला तीन अक्षरे. मराठी सोपी असे आपण समजतो, पण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. एकटा ‘र’ घ्या. ‘प्र’मध्ये तो पायाशी, ‘र्प’मध्ये डोक्यावर, ‘ट्र’मध्ये आणखी निराळा. साधे मूल हे सारे नकळत गिळून टाकते. या मुलाच्या घशात ते अडकते आणि आपण म्हणतो, लक्ष नाही.

आम्ही दोघातिघा शिक्षकांनी काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण खर्च काहीच आला नाही. पत्र्याच्या ताटात समुद्रावरची ओली वाळू घेतली. एका वेळी एकच अक्षर, बोटाने गिरवायचे आणि गिरवताना त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणायचा. हात, कान, डोळा आणि तोंड एकाच वेळी कामाला लावण्याची ही पद्धत अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी १९३० च्या सुमारास बसवली. वाळू तेवढी आपल्या किनाऱ्याची. घ आणि ध एका आठवड्यात घ्यायचे नाहीत. पहिला पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याचे नाव काढायचे नाही. ऱ्हस्व वेलांटी रंगीत खडूने. जोडाक्षर फोडून दाखवायचे, मग पुन्हा जोडायचे. शंभर वेळा लिहून आण ही शिक्षा बंद. चुकीचा शब्द शंभर वेळा लिहिला म्हणजे चूक पक्की होते. आणि वर्गात अचानक उभे करून वाचायला लावायचे नाही. उतारा आदल्या दिवशी सांगायचा, म्हणजे घरी तयारी होते. त्याची कॉलेजात जाणारी चुलत बहीण इतिहास आणि विज्ञानाचे धडे फोनवर वाचून रेकॉर्ड करून देते, तो ते होडीवर जाळे विणताना ऐकतो.

चमत्कार झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. आज तो दहावीत आहे. सावकाश वाचतो, ओळीखाली बोट ठेवून वाचतो. शुद्धलेखन अजून भयंकर आहे. मागच्याच आठवड्यात त्याने ‘शिक्षक’ हा शब्द ‘शक्षिक’ असा लिहिला. पण प्रश्न वाचून दाखवला तर उत्तर येते, आणि वर्ग आता हसत नाही.

न हसण्याचे एक कारण आहे. आपल्या स्नेहसंमेलनातली बक्षिसे आठवून पाहा. सुंदर हस्ताक्षर, निबंध, शुद्धलेखन, पाठांतर. पाठांतर सोडले तर सगळी अक्षराची. गेल्या वर्षी आम्ही त्याच्याकडून महिन्याचा भरती-ओहोटीचा तक्ता करून घेतला. त्याने सांगितले, मित्राने लिहिले, खाली दोघांची नावे घातली. तो ऑफिसबाहेर लावला आहे. ओहोटीला तिसऱ्या काढायला जाणाऱ्या आया मुलाला सोडायला आल्या की तो तक्ता विचारून घेतात. विज्ञानाच्या तासाला डिझेल इंजिनाचे चार स्ट्रोक त्यानेच शिकवले, कारण आमच्या विज्ञानाच्या सरांनी इंजिन उघडलेले कधी पाहिलेले नव्हते. सर स्वतःच हे सांगतात.

येथे एक सावधगिरी. अशा मुलांविषयी बोलताना आईनस्टाईनचे नाव घेण्याची पद्धत आहे. त्यांना डिस्लेक्सिया होता याला पुरावा नाही. नाव घ्यायचेच तर कॅरोल ग्रायडर यांचे घ्या. त्यांना २००९ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि शाळेत शुद्धलेखनाच्या वेगळ्या वर्गात बसावे लागे, शब्द फोडून वाचता येत नसल्यामुळे पाठ करून ठेवावे लागत, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. परंतु प्रत्येक मूल नोबेलला जाणार नाही आणि जाण्याची गरजही नाही. प्रत्येकाचे बळ निराळे असते. कोणाचे हातात, कोणाचे कानात, कोणाचे माणसे सांभाळण्यात. ते शोधण्यासाठी मुलाला आधी शाळेत ठेवावे लागते.

या बाबतीत मला एका मुलीची आठवण त्रास देते. ती कधीच दंगा करीत नसे. फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घेई, वही इतकी सुरेख की मी दर पानावर लाल शाईने ‘छान’ लिहीत गेलो. ते ‘छान’ तिला वाचता येत नव्हते. मुलगे चुकले की बाकावर उभे केले जातात, म्हणून निदान दिसतात. मुली गप्प राहून दिसेनाशा होतात. नुसत्या नजरेच्या अंदाजाने ती कापड बेतत असे, असे तिच्या आईने नंतर सांगितले. नववीत दोन विषय गेले आणि घरच्यांनी तिला काढून घेतले. मी त्यांच्या घरी गेलो नाही.

आता मंडळाच्या सभासदांना थोडे कडू लागेल असे बोलतो. आपल्या फाटकावर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक आहे. त्याचा अभिमान मलाही आहे. पण नववीत अडलेल्या मुलाच्या बापाला बोलावून ‘याला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे आपण सांगतो, तेव्हा तो मुलगा आपल्या टक्केवारीतून जातो आणि पुष्कळदा शिक्षणातूनही जातो. या मुलाच्या थोरल्या भावाला मीच असे सांगितले होते. तो फॉर्म कोणी भरला नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत १९९६ पासून सवलती आहेत. जादा वेळ, लेखनिक, गणितात साधे गणकयंत्र, अशा प्रकारच्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्ट नावाने घातलेली आहे. मराठीत तपासणीची साधने नाहीत असेही आता म्हणता येत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी ‘दाली’ नावाची चाचणी तयार केली. त्या यादीत उर्दू नव्हती, याची खंत उर्दू माध्यमाच्या आपल्या भगिनीशाळांना वाटेल.

सवलतीला प्रमाणपत्र लागते. आपल्या मुलांसाठी ते आणायचे तर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जावे लागते. कान-डोळे तपासतात, बुद्धीची चाचणी घेतात, वाचन-लेखनाची वेगळी. एका दिवसात उरकणारे हे काम नव्हे. होडीवर जाणाऱ्या बापाचे तेवढे दिवस बुडतात, म्हणून तो जात नाही.

माझी विनंती एवढीच आहे. दहावीतला हा मुलगा आणि नववीतली आणखी दोन, एक मुलगा व एक मुलगी, अशी तीन नावे मी चिटणीससाहेबांच्या टेबलावर ठेवली आहेत. गाडीभाडे आणि मुंबईतला मुक्काम संस्थेने सोसावा. मुलीबरोबर तिची आई येईल, बाकीच्यांबरोबर मी जातो. रजा माझ्या हिशोबात धरावी. आणि जूनपर्यंत नववीतल्या कोणाच्याही बापाला सतराचा फॉर्म दाखवू नये. बोर्डाचे अर्ज भरायची वेळ जवळ येत आहे, तेव्हा निर्णय याच महिन्याच्या सभेत व्हावा. फलकावरचा आकडा त्यामुळे खाली आला, तर रंगाऱ्याचे पैसे मी देईन.