आधी रात्रीचं कुंपण



सध्या आमच्या गटांच्या बैठकीत कर्जाच्या अर्जावर एक कारण सारखं दिसतंय, 'शेळ्यांसाठी तारेचं कुंपण'. कारण खरं आहे. शेळी शेजारणीच्या कांद्यात शिरली की दोन घरांचं बोलणं बंद होतं. कधी शेळी कोंडवाड्यात जाते आणि दंड भरून सोडवून आणावी लागते. आणि कुंपण नसलेल्या घरात कुंपणाचं काम पोरीकडं येतं. 'आज शेळ्यांकडं बघ' म्हणून शाळा बुडते ती तिची. तिच्या भावाची बुडालेली मी तरी फारशी पाहिली नाही. म्हणून या कर्जाला माझी ना नाही. पण कुंपण कसलं आणि किती, हे दुकानात जाऊन ठरवू नका. आधी आपल्या अंगणात उभं राहून ठरवा.

आपल्या अकोले-संगमनेर भागात कुंपणाला दोन कामं असतात. दिवसा शेळ्यांना आत ठेवायचं आणि रात्री बिबट्याला बाहेर. ही दोन्ही कामं एका जाळीनं होत नाहीत. पाच फुटांची जाळी शेळीला पुरते, पण उसातून आलेला बिबट्या ती सहज ओलांडतो. एका गटातल्या मावशींनी सगळं कर्ज अंगणाभोवतीच्या जाळीला घातलं आणि रात्री शेळ्या त्याच उघड्या अंगणात ठेवल्या. दोन गाभण शेळ्या गेल्या. हप्ता मात्र चालूच राहिला.

म्हणून पैसे थोडे असतील तर आधी रात्रीचा गोठा. मोठ्या शेळीला आत दहा चौरस फूट जागा धरतात. म्हणजे दहा शेळ्यांना दहा बाय दहाची खोली पुरते. एवढीच जागा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद करायची. भिंत अर्धी असेल तर भिंतीपासून छपरापर्यंत जाड जाळी ठोका, वारा खेळता राहील. दाराखाली फट नको, आणि कडी बाहेरून पक्की हवी. कुत्र्यालाही रात्री आडोशाच्या आत घ्या. राखणीला म्हणून आपण त्याला बाहेर साखळीनं बांधतो, पण बिबट्याला कुत्रा शेळीइतकाच चालतो आणि बांधलेल्याला पळताही येत नाही.

आता दिवसाचं कुंपण. मोकळ्या जागेत शेळीमागं वीस चौरस फूट धरा, दहा शेळ्यांना दोनशे. ही जागा दहा बाय वीस फुटांची घेतली तर जाळी साठ फूट लागते. तीच वीस फुटांची बाजू घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला लावून घेतली तर चाळीस फुटांत काम होतं. म्हणून आधी सुंभाची दोरी घेऊन अंगणात आखून बघा. अख्ख्या अंगणाला कुंपण घालायची गरज बहुतेक घरांना नसते. बांधाकडून घालणार असाल तर शेजाऱ्याला आधी बोलवून हद्द दाखवा, नंतरचा तंटा वाचतो.

काटेरी तार शेळ्यांना नको. स्वस्त पडते, पण शेळी दोन तारांमधून डोकं घालते, अंग घासते आणि कास फाडून घेते. करडं तर खालून सरळ निघून जातात. मोठ्या चौकोनांची जाळीही नको. शेळीचं डोकं आत जातं, शिंगांमुळं बाहेर येत नाही. दोन इंची चौकोनांची विणलेली जाळी बरी. दुकानदार गेज विचारेल. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. दहाची तार बारापेक्षा जाड असते. जाळी पुष्कळ ठिकाणी वजनावर विकतात, म्हणून बारीक तारेत फूट जास्त मिळतात आणि आपल्याला सौदा स्वस्त वाटतो. पण शेळी पुढचे पाय जाळीवर टेकून उभी राहणारच, आणि बारीक जाळीला वर्षभरात पोट सुटतं.

बसवताना जाळी खांबांच्या आतल्या बाजूनं, शेळ्यांकडून, बांधा. मग शेळी रेटते तेव्हा जाळी खांबावर दाबली जाते, बाहेरून बांधली तर सुटत जाते. खांब दीड-दोन फूट गाडा आणि कोपऱ्याच्या खांबांना तिरका टेकू द्या, कारण सगळा ताण तिथं येतो. घरचा किंवा गावातला कुत्रा उकरणारा असेल तर जाळीचा खालचा काठ फूटभर मातीत घाला, नाहीतर कडेनं दगड लावा. गव्हाण, ओंडका, मोठा धोंडा कुंपणाजवळ ठेवू नका, शेळी त्यावर चढून पलीकडं उडी घेते. फाटक आत उघडणारं असावं आणि कडी बाहेरून. शेळी तोंडानं साधी कडी काढायला फार लवकर शिकते! कोंबड्यांची पिल्लं असतील तर खालच्या दोन फुटांना बारीक जाळी जोडा. मांजराचा विचार सोडून द्या, तिला कुणीच कोंडू शकलेलं नाही.

कर्ज नको असेल तर बांबूच्या तट्ट्या किंवा बोरी-बाभळीच्या फांद्या दिवसाच्या कामाला चालतात, पण त्या दरवर्षी बदलाव्या लागतात. गिरीपुष्पाच्या किंवा शेवग्याच्या काड्या पावसाच्या सुरुवातीला लावल्या तर पुढं कुंपणही होतं आणि पालाही मिळतो. मात्र त्या शेळीच्या तोंडापासून तीन-चार फूट लांब लावा, नाहीतर साल सोलून खाते. कण्हेर कुंपणाला लावूच नका, ती विषारी आहे.

आणि एक हात जोडून सांगते. कुंपणाच्या तारेत घरची लाइट कुणी सोडू नका. तो गुन्हा आहे, आणि रात्री अंधारात त्या तारेला आपलंच माणूस हात लावतं.

एवढं करूनही बिबट्यानं शेळी मारली तर मेलेलं जनावर हलवू नका. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा, १९२६ या नंबरवरही सांगता येतं. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते. शेळी ताईची असेल तर अर्ज ताईच्या नावानं आणि बँकेचं खातंही तिचंच द्या.

पुढच्या बैठकीला येताना आखलेल्या जागेचं माप कागदावर लिहून आणा. अर्ज तिथंच बसून भरू.