तारीख चुकलेले रुग्ण

पालकवर्ग आणि आज वैद्यकाची पदवी धारण करून बाहेर पडणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

या पदवीसाठी काय सोसावे लागले ते तुम्हीच जाणता. त्यावर अधिक न बोलता, गेली काही वर्षे ज्या गोष्टीने माझ्या मनात ठाण मांडले आहे तिच्याकडेच वळतो. २०२० सालच्या कोविडच्या साथीत जे दगावले त्यांची गणती रोज संध्याकाळी दूरदर्शनवर सांगितली जात होती. परंतु विषाणूचा स्पर्शही न होता, केवळ चालू असलेला उपचार मध्येच तुटला म्हणून जे हृदयरुग्ण दगावले अथवा कायमचे अधू झाले, त्यांच्यासाठी कोणत्याही सरकारी तक्त्यात रकाना नव्हता. त्यांपैकी काही माझे रुग्ण होते.

ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मी मुंबईतील एका सार्वजनिक इस्पितळात निवासी डॉक्टर म्हणून रुजू झालो तो काळ सत्तरीच्या दशकातला. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला मॉर्फिन, प्राणवायू आणि सक्तीची विश्रांती यांपलीकडे आम्ही फारसे काही देऊ शकत नसू; रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने प्राण वाचतात हे इटलीतील मोठ्या चाचणीने सिद्ध केले ते १९८६ साली. आमचे कक्ष भरलेले असत ते ऱ्हुमॅटिक हृदयविकाराच्या मुलामुलींनी. पालकांसाठी सांगतो: लहानपणी जंतुसंसर्गाने घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात आणि ओसरतात, घरचे विसरून जातात, पण शरीराने त्या जंतूविरुद्ध उभारलेले शस्त्र स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटलेले असते. पुन्हा तसा ताप आला की झडप आणखी आकसते. हा क्रम थोपविण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे, आणि तो म्हणजे दर एकवीस दिवसांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन या देशात बनू लागले, त्याचा अभिमान आमच्या गुरुजनांच्या बोलण्यात सतत येत असे.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक वयस्क कारकून होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांच्याजवळ लाल कापडी बांधणीची एक नोंदवही होती. तीत प्रत्येक मुलाचे नाव, गिरणीचे अथवा चाळीचे नाव, गावाकडचा पत्ता आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख. तारीख उलटून गेली आणि मूल आले नाही, की अण्णा त्याच संध्याकाळी पोस्टकार्ड टाकीत: ‘मुलीची तारीख चुकली आहे. खाडा करू नये. लगेच घेऊन यावे.’ या कामाची त्यांना कोणी आज्ञा केलेली नव्हती. पोस्टकार्डांचा खर्च मंजूर करून घेण्यासाठी ते दरसाल अर्ज करीत आणि तो अर्ज दरसाल काहीतरी शेरा मारून परत येई. मी पुष्कळ देशांतील नामांकित हृदयतज्ज्ञांची व्याख्याने ऐकली आहेत. परंतु त्या विभागात जितकी मुले पुन्हा तापाने आजारी न पडता मोठी झाली, त्यांचे श्रेय मी आम्हां डॉक्टरांआधी त्या कारकुनाला देतो. ते सेवानिवृत्त झाले तेव्हा आस्थापनेचा आढावा घेऊन त्यांची जागा अनावश्यक ठरविण्यात आली आणि ती नोंदवही दप्तरखान्यात गेली. त्याच वर्षी त्याच इस्पितळात एका नव्या यंत्राचे उद्‌घाटन मोठ्या समारंभाने झाले. यंत्र हवेच होते, याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नोंदवहीची किंमत कोणाला करता आली नाही, याची.

तिची किंमत काय होती ते त्याआधीच, १९८२ च्या गिरणी संपाने दाखविले होते. जानेवारीत संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगारांचे पगार थांबले आणि महिन्यामहिन्याने बिऱ्हाडे कोकणात व घाटावर परतू लागली. बाह्यरुग्ण विभागातील आमच्या रांगा आखूड झाल्या. अण्णांच्या वहीत गावाकडचे पत्ते होते म्हणून काही मुलांना तालुक्याच्या दवाखान्याच्या नावे चिठ्ठ्या पाठविता आल्या. परंतु अनेक ठिकाणी डॉक्टरांनी इंजेक्शन देण्यास नकार दिला, कारण पेनिसिलिनची प्रतिक्रिया येऊन कुठेतरी कोणीतरी दगावल्याचे त्यांनी ऐकले होते. ही भीती आजही आपल्या व्यवसायात तशीच आहे. क्वचित येणाऱ्या प्रतिक्रियेसाठी ॲड्रेनॅलिनची कुपी हाताशी ठेवून, अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवण्याऐवजी त्याला परत पाठवून स्वतःची सुटका करून घेणारा डॉक्टर, त्या मुलीची झडप काही वर्षांनी पूर्ण आकसते तेव्हा तेथे नसतो. म्हणूनच आपण काय केले हे त्याला कधीच कळत नाही.

संपाची ही आठवण सांगितली ती एवढ्याकरिता, की दीर्घ उपचाराचा धागा तोडायला साथच यावी लागते असे नाही. मात्र २०२० च्या मार्चमध्ये तो साऱ्या देशात एकाच वेळी तुटला. २२ तारखेला जनता संचारबंदी, पाठोपाठ मुंबईची लोकल बंद, एसटी बंद, २५ पासून देशभर टाळेबंदी, मग जिल्ह्याच्या सीमेवर परवानगीपत्र. ग्रामीण रुग्णालये साथीच्या रुग्णांसाठी राखून ठेवली गेली, शहरांतील हृदयविभागांचे बाह्यरुग्ण कक्ष बंद झाले, ठरलेल्या शस्त्रक्रिया ‘तातडीच्या नाहीत’ या शेऱ्यासह पुढे ढकलल्या गेल्या. त्या निर्णयांपैकी काही त्या घटकेस अपरिहार्य होते हे मी जाणतो. परंतु आकसलेली झडप सरकारी परिपत्रकाची वाट पाहत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावच्या बाई मला विसरता येत नाहीत. त्यांची मायट्रल झडप बदलून धातूची बसविलेली होती. अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि ती कमी पडत नाही ना, जास्त होत नाही ना, हे पाहण्यासाठी महिन्यातून एकदा रक्ताची तपासणी करावी लागते. कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर मेंदूत रक्तस्राव. तपासणीची प्रयोगशाळा बंद, गोळ्यांचे दुकान तालुक्याला, तालुक्याला जायला वाहन नाही. उरलेल्या गोळ्या पुरवून वापराव्यात म्हणून त्या बाई अर्धी अर्धी घेऊ लागल्या. धातूच्या झडपेचा टिकटिक असा बारीक आवाज रात्रीच्या शांततेत शेजारी निजलेल्या माणसालाही ऐकू येतो. त्यांच्या यजमानांनी मला फोनवर सांगितले, ‘साहेब, दोन रात्री आवाज बसल्यासारखा वाटतोय, आणि हिला उताणं निजवत नाही.’ निदान त्या गृहस्थांनी केलेच होते. रुग्णवाहिका मिळेपर्यंत आणि ती इस्पितळात पोहोचल्यावर कोविडचा अहवाल हाती येईपर्यंत बाईंना दाराबाहेर थांबवून ठेवण्यात जो वेळ गेला, तो त्यांना परवडणारा नव्हता.

झटका आलेल्या रुग्णांची कथा निराळी. ते आलेच नाहीत. भारतीय हृदयरोग संघटनेने देशभरातील इस्पितळांतून माहिती गोळा केली तेव्हा टाळेबंदीच्या त्या महिन्यांत झटक्यासाठी दाखल होणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक घटलेली आढळली. हृदयविकार कमी झाला म्हणून ती घटली, असे मी मानीत नाही. इस्पितळात गेलो तर विषाणूची बाधा होईल या भयाने माणसे छातीतली कळ ‘पित्त असेल’ म्हणत घरी सोसत राहिली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जी आली त्यांच्यात हृदयाचा पडदा फाटण्यासारख्या, शहरात आम्हांला क्वचितच दिसू लागलेल्या गुंतागुंती पुन्हा दिसल्या. त्यातच रक्तदाबाच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी विषाणूला शरीरात शिरकाव मिळतो अशी अफवा पसरली. युरोप-अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी मार्चच्या मध्यावरच ‘गोळ्या थांबवू नका’ असे स्पष्ट बजावले होते. पण अफवा मोबाईलवरून घराघरांत पोहोचली होती आणि तो खुलासा आमच्या नियतकालिकांतच राहिला. रुग्णाला विश्वासाने विचारता येईल असा एक आवाज त्या वेळी हवा होता. २५ मार्चलाच केंद्र सरकारने दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले, ही गोष्ट फार मोलाची झाली. परंतु फोन करायचा तर कोणाला? बहुसंख्य विभागांत रुग्णांच्या क्रमांकांची यादीच नव्हती. केसपेपर रुग्णाच्या पिशवीत, आणि रुग्ण गावी.

साथीचे रोग आवरण्यासाठी आपण २०२० मध्ये जो कायदा उपसला तो १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या धामधुमीत केलेला. मूळ कायद्याची कलमे अवघी चार. प्रवाशांची तपासणी, संशयितांना वेगळे ठेवणे, आज्ञाभंगास शिक्षा, अधिकाऱ्यांना संरक्षण, असे सारे त्यात आहे. साथीच्या काळात इतर आजारी माणसांचे काय करावे, याविषयी एक अक्षर नाही. सव्वाशे वर्षांत ते अक्षर लिहावे असे कोणाला वाटले नाही, आणि यात मी राज्यकर्त्यांइतकाच आपल्या व्यवसायालाही दोष देतो. आपल्याकडे मान मिळतो तो झडप बसविणाऱ्याला. बसविलेली झडप पुढची वीस वर्षे चालू ठेवणाऱ्याला कोणी व्याख्यानाला बोलावीत नाही. परिषदांमधून नव्या स्टेंटवर दिवसचे दिवस चर्चा होते, आणि ‘तारीख चुकलेल्या रुग्णाचा शोध कसा घ्यावा’ हा विषय मी सुचविला तेव्हा तो परिचारिकांच्या सत्रात घालण्यात आला. परिचारिकांनी तो उत्तम हाताळला, हेही सांगितले पाहिजे.

तुमच्यापैकी पुष्कळजण आता बंधपत्राच्या सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू व्हाल. तेथे गेल्यावर पहिल्या महिन्यातच एक वही सुरू करा. आपल्या हद्दीत धातूची झडप कोणाला आहे, एकवीस दिवसांचे इंजेक्शन कोणाला चालू आहे, हृदय कमकुवत होऊन पाय कोणाचे सुजतात, स्टेंट कोणाला बसविला आहे. त्यांची नावे, औषधे, पुढची तारीख, त्यांचा फोन आणि शेजाऱ्याचाही फोन. आशा ताईंना यातली निम्मी माहिती आधीच तोंडपाठ असते. त्यांच्याजवळ बसून ती लिहून घ्या. संगणकावर ठेवा, पण कागदावरही ठेवा, आणि बदली होईल तेव्हा ती पुढच्या डॉक्टरच्या हाती देऊन पोच घ्या.

पुढची साथ कधी येईल हे मला सांगता येत नाही. ती येईल, याविषयी मला शंका नाही. त्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात तातडीची बैठक बसेल, खाटा मोजल्या जातील, सीमा बंद करण्याची तजवीज होईल, आणि त्या दालनात तुम्ही बहुधा सर्वांत कनिष्ठ असाल. तरी उठून उभे राहा आणि विचारा, की या वहीतल्या माणसांच्या गोळ्या उद्यापासून कोण पोहोचविणार, त्यांचे रक्त कोठे तपासले जाणार, आणि त्यांच्यासाठी कोणत्या इस्पितळाचे दार अहवालाची वाट न पाहता उघडे राहणार. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका, आणि मिळालेले उत्तर अधिकाऱ्याच्या नावासह बैठकीच्या इतिवृत्तात लिहवून घ्या.