खो-खोने काय द्यावे, काय राखावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मंडळाने मला खेळाविषयी बोलायला सांगितले. मी सातवीपर्यंत शाळेत गेले आणि तेवढी वर्षे खो-खो खेळले. म्हणून त्याच खेळाविषयी चार शब्द सांगते.

19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी नेपाळला 78–40 असे हरवले. पुरुषांनीही आपला चषक जिंकला. आपला मातीतला खेळ जगापुढे गेला, याचा आनंद कोणाला होणार नाही?

पण सासरी जाताना मुलीला माहेरच्या काही सवयी सोडाव्या लागतात, तसेच या खेळाचे झाले आहे. कोणत्या सोडाव्या आणि कोणत्या सोडू नयेत, एवढाच माझा प्रश्न आहे.

माती गेली, मॅट आली. खांबाजवळ सूर मारला की आमचे कोपर-गुडघे सोलून निघत. मॅटवर ते वाचतात. जुन्या पद्धतीत पाळी नऊ मिनिटांची. 2022 साली ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, तिच्यात ती सात मिनिटांची झाली. टीव्हीसमोर बसणाऱ्याला चटपटीत सामना लागतो. एवढे आपण सोडू.

पण त्याच स्पर्धेत ‘वजीर’ आला. आपल्या खेळात पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागे फिरायचे नाही, आणि बसलेल्या मुलींच्या मधून पलीकडेही जायचे नाही. पळणारी मात्र हवी तशी पळते. म्हणून एकटीच्या पायांत कितीही वेग असो, नेमक्या मैत्रिणीला नेमक्या क्षणी खो द्यावाच लागतो. खेळाची सारी गंमत या बंधनात आहे. वजिराला कोणत्याही दिशेने धावण्याची मोकळीक मिळाली. सामना रंगतो, टाळ्या पडतात. पण सर्वांचा खेळ एकाच्या पराक्रमाकडे झुकतो. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो!

याहून मोठी गोष्ट बायकांची. त्या स्पर्धेच्या 2022 आणि 2023-24 या दोन्ही हंगामांत सगळे संघ पुरुषांचेच होते. कबड्डीतही तेच झाले. प्रो कबड्डी 2014 साली सुरू झाली. 2016 साली महिलांचे तीन संघ खेळवले, पण पुढच्या वर्षी महिलांची ती स्पर्धा झालीच नाही. मुलींमध्ये गुण नाहीत म्हणावे, तर धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे हिला 2020 साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला आहे. विश्वचषक आणायला मुली हव्यात, आणि पैशाची पंगत बसली की त्यांचे पानच मांडलेले नाही, हा कोठला न्याय?

आणखी एक सांगते. या खेळाला दोन खांब आणि थोडी फक्की पुरते. बॅट नको, चेंडू नको, बूटसुद्धा नकोत. म्हणून तर शेतमजुराची पोरही त्यात पुढे येऊ शकते. उद्या मॅटवाचून खेळच नाही असे होऊन बसले, तर ज्या शाळेला फळ्याला रंग द्यायला पैसे नाहीत, तिने मॅट कोठून आणावी? खेळ मोठा होईल, पण त्याचे दार लहान होईल.

म्हणून मला वाटते, कपडे बदला, वेळ बदला, दिवे लावा. पण खो देण्याची शिस्त, मुलींची जागा आणि गरिबाला परवडणारे मैदान, या तीन गोष्टी लोकप्रियतेच्या बदल्यात देऊ नयेत.

दिल्लीचे निर्णय आपल्या हातात नाहीत. दीपनगरचे मैदान आहे. आपल्याकडचे ऊन पाहता सकाळी लवकर किंवा दिवेलागणीच्या आधी अर्धा तास मंडळाने मुलींसाठी राखून ठेवावा. जवळच्या खेड्यांतल्या पोरींनाही बोलवावे. आणि “आता मोठी झालीस, खेळणे पुरे,” असे निदान आपल्यापैकी कोणी आपल्या लेकीला म्हणू नये.