मागच्या ऑर्डरसारखेच



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर चढला की तो आता बोनस आणि महागाईभत्ता काढणार, अशी आपली समजूत असते. ती अगदीच चुकीची नाही. पण आज मला कारखान्यातल्या एका अशा मालमत्तेविषयी बोलायचे आहे, की जी ताळेबंदात कोठेच दिसत नाही आणि जिच्यावाचून कारखाना एक दिवसही चालत नाही.

तयार कपड्यांचे दुकान वेगळे आणि शिंपी वेगळा. कारखान्यांचेही तसेच आहे. साबणाच्या कारखान्यात वडी आधी तयार होते, गिऱ्हाईक मागाहून येते. दुसऱ्या जातीच्या कारखान्यात गिऱ्हाईक आधी येते, आपली मापे सांगते, आणि मग वस्तू जन्माला येते. साखर कारखान्याची यंत्रे, बॉयलर, मोठमोठे पंप ही सारी शिंपीकामे. मी ज्या खात्यात वाढलो तिथे हीट एक्स्चेंजर बनत. एका लांब पोलादी नळकांड्यात, म्हणजे शेलमध्ये, शेकडो नळ्यांचे बंडल सरकवलेले असते. नळ्यांतून एक द्रव वाहतो, बाहेरून दुसरा. दोघे एकमेकांत न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला मिळते. दुधाच्या डेअरीला लागतो तो निराळा, तेलशुद्धीला लागतो तो निराळा.

म्हणून काय प्रत्येक वेळी श्रीगणेशापासून सुरुवात करायची? तसे कोणी करीत नाही. या धंद्यात अमेरिकेतल्या कारखानदारांच्या 'टेमा' या संस्थेची एक खूण सर्वत्र चालते. पुढच्या डोक्याला एक अक्षर, शेलला एक, मागच्या डोक्याला एक. 'ए-ई-एस' म्हटले की जाणत्याच्या डोळ्यांपुढे अख्खे यंत्र उभे राहते. अक्षरे मोजकी, शब्द पुष्कळ, आपल्या बाराखडीसारखेच. ही युक्ती जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याने १८३१ पासून १९५६ पर्यंत सुमारे सत्तर हजार रेल्वे इंजिने बांधली. प्रत्येक रेल्वे कंपनीची फर्माईश निराळी, तरी आत पाहावे तो ठरावीक गेजांवर तपासलेले कितीतरी सुटे भाग त्याच घराण्यातले. बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचे डब्ल्यूपी इंजिन आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या जातीची पहिली सोळा इंजिने १९४७ साली याच कारखान्यातून भारतात आली.

तेव्हा इंजिनिअर साहेब नवी ऑर्डर आली की जुनी फाईल उघडतात, चार आकडे बदलतात आणि वर लिहितात, 'मागच्या ऑर्डरसारखेच'. यात गैर काही नाही, आठवडेच्या आठवडे वाचतात. माझा प्रश्न एवढाच, की मागची ऑर्डर म्हणजे काय? फाईलमधले ड्रॉइंग, की खात्यात प्रत्यक्ष जे झाले ते?

एका कारखान्यातली हकीकत सांगतो. त्याचे नाव सांगत नाही. शेलला भोक पाडून त्यावर नोझल वेल्ड केले की उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि गोल शेल किंचित अंडाकृती होतो. मग बंडल आत जाईना. आमच्या खात्यातला एक म्हातारा फिटर वेल्डिंगच्या आधी शेलच्या आत लोखंडी आधार, ज्याला आम्ही स्पायडर म्हणतो, तो नोझलच्या दोन्ही अंगांना बसवी. वेल्डरला सलग टाका मारू देत नसे. समोरासमोर, थोडा थोडा मारायला लावी, आणि काम पुरते थंड झाल्याशिवाय आधार काढू देत नसे. ड्रॉइंगात यातले काही नव्हते. एकदा नोझलची फ्लँज उचलण्याच्या लगला घासते हे त्याने ओळखले, लग दोन बोटे सरकवला आणि शेलवर खडूने तसे लिहिले. पुढे शेलला रंग लागला, खडू गेला. पुढे म्हाताराही निवृत्त झाला.

चार वर्षांनी तसाच हीट एक्स्चेंजर आला. 'मागच्या ऑर्डरसारखेच.' लग पुन्हा घासला आणि बंडल निम्मे आत जाऊन अडकले. माल उशिरा गेला, दंड बसला, आणि चार्जशीट कोणाला? वेल्डरला! चौकशीत मी एवढेच विचारले, 'स्पायडर बसवावा असे कोणत्या कागदावर लिहिले आहे, दाखवा.' कागद नव्हता. वेल्डर सुटला, पोरांनी मला खांद्यावर घेतले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कागद नव्हता, त्याला मीही कारण होतो. दोन वर्षांपूर्वी व्यवस्थापनाने कामगारांना आपापल्या कामाची रीत लिहून द्यायला सांगितले, तेव्हा गेटसभेत मीच गर्जलो होतो, 'एक ओळ देऊ नका!'

ती भीती खोटी नव्हती. १९११ च्या आपल्या पुस्तकात टेलरने उघड लिहिले आहे, की कामगारांजवळचे परंपरागत ज्ञान गोळा करून त्याचे नियम बनवणे हे व्यवस्थापनाचे काम. आणि नियम झाले, की पुढच्या वर्षी तेच काम कंत्राटदाराकडे गेलेले मी पाहिले आहे. आता तर संगणक जुन्या भागांवरून नवे ड्रॉइंग तासाभरात काढतो. जुनी चूकही तो तितक्याच तत्परतेने उतरवतो. आणि सहा महिन्यांनी बदलणारा कंत्राटी वेल्डर, जे शिकला ते डब्याबरोबर गेटाबाहेर घेऊन जातो. त्याने ते कोणासाठी लिहावे?

म्हणून आम्ही 'देऊ नका' सोडले आणि भाव सांगितला. माल गेटाबाहेर जाण्याआधी खात्यात झालेला फरक ड्रॉइंगवर चढावा, खाली फिटरची सही असावी. लिहिण्याचा वेळ कामाचा वेळ धरावा. लिहून दिलेल्या रीतीच्या बळावर एकही कायम जागा कमी होऊ नये. निवृत्त कारागिराला शिकवायला बोलवावे, तेही मोबदला देऊन; चहा पाजून नव्हे. साहेबांनी सही ताबडतोब मान्य केली. सहीला पैसे पडत नाहीत!

आता तिथल्या ड्रॉइंगवर खात्याच्या शेऱ्यासाठी एक चौकट असते. स्पायडरचा शेरा पहिल्याप्रथम लिहिला तो त्याच वेल्डरने. वेळेचा मुद्दा पुष्कळ घासाघीस होऊन मिळाला. कायम जागांचा मुद्दा अजून लोंबकळतो आहे. येत्या कराराच्या मागणीपत्रात तो आम्ही पहिल्या क्रमांकावर घातला आहे.